हसरं अक्षर, खारं पाणी

बाबांच्या अक्षराला दर्यापुरात ‘हसरं अक्षर’ म्हणत. हे नाव कुणी ठेवलं मला माहीत नाही, पण ते बरोबर होतं. बाकीचे पेंटर आधी पेन्सिलीनं चौकटी आखत आणि मग त्यांत अक्षरं बसवत. बाबा खडू लावलेली दोरी ताणून भिंतीवर एक रेघ मारत, चपटा ब्रश डब्यात बुडवून डब्याच्या काठावर निथळत आणि सरळ लिहायला लागत. काना वरून जाड उतरे, खाली येता येता बारीक होई आणि ब्रश उचलताना त्याला एक वळण मिळे, हसताना ओठाचं टोक वर जावं तसं. तिथवर ब्रशमधला रंग संपत आलेला असे, म्हणून त्या टोकाला केसांच्या बारीक रेघा उमटत. शिरोरेघ ते सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका दमात ओढत. तिचंही उजवं टोक थोडं वर जाई. ‘ळ’ त्यांचा लाडका होता. किराणा दुकानाच्या दारावर ‘गूळ’ आणि ‘डाळ’ लिहिलं की दोन्हींचे ळ असे गुटगुटीत बसत की लोक म्हणत, गजू पेंटरचा ळ पाहून भूक लागते.

हे अक्षर सगळीकडे चाले. कटिंगची दुकानं, बर्फाच्या गोळ्याच्या गाड्या, बँडवाल्यांचे ढोल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैल घेऊन आमच्या दारात उभे राहत, आणि बाबा बैलाच्या पाठीवर त्याचं नाव काढून देत. लग्नसराईत तर त्यांना जेवायला वेळ नसे. आमच्याकडे घराच्या दर्शनी भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवतात, बाजूला मोर, कलश, वर गणपती. ती भिंत पुढच्या चुनाकामापर्यंत तशीच राहते. गावात शिरलं की कोणत्या घरी अलीकडे सून आली ते भिंतींवरून कळे. फक्त मयतीच्या कामाला बाबांना कुणी बोलवत नसे. एकदा त्यांनी चौकातल्या काळ्या फळ्यावर कुणाच्या तरी निधनाची बातमी लिहिली, तर गेलेल्या माणसाचा मुलगा सुतकातच भांडायला आला होता. “पेंटर, माहा बाप मेला का त्याची वरात निंघाली?” बाबांनी मान खाली घालून फळा पुसून दिला. तो गेल्यावर मात्र मायला म्हणाले, “मी का करू? हातच तसा हाय.”

आमचं घर बसस्टँडमागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं, टिनाचं. पुढच्या खोलीत डबे, बाटल्या, आणि दोरीवर वाळत घातलेली कापडी बॅनरं. त्यांच्याखालून आम्ही वाकून ये-जा करायचो. तरी घाईत कधी डोकं लागे आणि कुणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनाचा लाल रंग शाळेत माझ्याबरोबर येई. भाकरीला टर्पेंटाइनचा वास असायचा. सकाळी माय ज्वारीची भाकर थापायची तो आवाज आणि बाबा ब्रशचे केस सरळ करायला तो डब्यावर आपटायचे तो आवाज, दोन्ही एकदम चालायचे. रविवारी गोळाकढी, म्हणजे डाळीचे गोळे सोडलेली कढी. ताईच्या हातची गोळाकढी मी नंतर कुठंच खाल्ली नाही, आणि आता खायची इच्छाही होत नाही.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, शोभा. सातवीनंतर तिनं शाळा सोडली आणि बाबांच्या हाताखाली पाट्यांची जमीन भरू लागली. जमीन म्हणजे अक्षरामागचा सपाट रंग. बाबांना पिवळा सांगता येत नसे, ते नुसते “हळदीवानी नोको, झेंडूवानी कर” म्हणत आणि ताई बरोबर तो पिवळा कालवी. माझी वेणी तीच घाली, रंगाच्या हातांनी. मला शाळेत पहिलं आणणारी, मी अभ्यासाला बसले की बाबांना रेडिओ बारीक करायला लावणारी, तीच. “तू शीक वं. माह्यानं त रंग कालवनंच झालं,” असं ती म्हणे, पण त्यात रड नसे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्याचं श्रेय मी आजवर भाषणांत शिक्षकांना देत आले, आणि ते खरंही आहे. पण ज्या दिवशी दहावीनंतर मला शिवणाच्या क्लासला घालायचं ठरत होतं, त्या दिवशी ताट बाजूला सारून “ते कालेजात जाईन” म्हणणारी ताई होती.

पाण्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा आमचा पट्टा खारपाणाचा. जमीन काळी, कापूस चांगला, पण खोदाल तिथं पाणी खारं. साबणाला फेस येत नाही, डाळ चुलीवर कितीही ठेवा दाताखाली लागते, आणि चहात दूध घातलं की फाटतं. दर्यापुरात आम्हाला नळाचं गोडं पाणी एकाआड एक दिवस तरी मिळे. खेड्यांत विहीर किंवा हातपंप. त्यामुळे आमच्या बाया कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याची परीक्षा चहावरून करत. चहा फाटला नाही की पाणी गोडं. ही आमच्याकडची साधी, पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत.

बाबांना सरकारी काम मिळालं ते याच पाण्यापायी. गावोगावच्या पंपांचं पाणी तपासून झालं होतं, आणि ज्याचं वाईट निघालं त्या पंपाजवळच्या भिंतीवर लाल रंगात लिहायचं होतं, ‘या पंपाचे पाणी पिण्यास अयोग्य आहे.’ बाबा खूश होते. गावंच्या गावं होती. सकाळी सायकलला डबे टांगून निघत, लांबचं गाव असलं तर सायकल जीपच्या टपावर. पहिल्या काही गावांनंतर पाणीखात्याचे साहेब पाहायला गेले आणि बाबांना ऑफिसात बोलावून घेतलं. “पेंटर, हे वाचून माणूस घाबरला पाहिजे. ही तर रसवंतीची पाटी वाटते.” बाबा घरी येऊन जुन्या वर्तमानपत्रांवर सरळ, कडक अक्षर गिरवू लागले. पट्टी धरून काना ओढत. पण ब्रश उचलायची वेळ आली की मनगट आपोआप वळे आणि टोक वर जाई. ताई हसून हसून बेजार. “बाबा, तुमचा अयोग्य बी लाडात आला पाहा!” शेवटी साहेबही कंटाळले. लिहिलंय ना, वाचता येतं ना, मग झालं.

गावातल्या बायांनीही त्यांना सोडलं नाही. कुठल्याशा गावी बाबा लिहीत असताना हंडे घेऊन आलेल्या बाया मागं उभ्या राहिल्या. एकीला वाचता येत होतं, तिनं बाकीच्यांना वाचून दाखवलं. मग दुसरी म्हणाली, “पेंटरभाऊ, तुही पाटी पाहून त अजून एक गडवा प्याची इच्छा होते.” सगळ्या हसल्या. तिसरी एक म्हातारी होती, ती हसली नाही. “पिऊ नोको म्हन्तं, मंग पिऊ काय? तुहा रंग?” बाबा हे दोन्ही किस्से घरी रंगवून सांगत. म्हातारीच्या किश्शावर ते थोडं कमी हसत.

गेल्या वर्षी पुण्याहून एक तरुण मुलगा माझ्याकडे आला. कॉम्प्युटरसाठी अक्षरं तयार करण्याचा त्याचा व्यवसाय. वऱ्हाडात फिरून त्यानं जुन्या भिंतींचे फोटो काढले होते, कोपऱ्यात ‘गजू पेंटर, दर्यापूर’ वाचून मला शोधत आला. परवानगी मागितली, मी दिली. काही महिन्यांनी त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, काहीही लिहा. मी ताईचं नाव लिहिलं. ‘शोभा’ची शिरोरेघ उजवीकडे वर गेली, कान्याच्या टोकाला केसांच्या रेघासुद्धा होत्या. तो मन लावून समजावत होता, की हा टाइप मथळ्यांना, पाट्यांना, मिठाईच्या खोक्यांना छान, बारीक मजकुराला नको, आणि गंभीर मजकुराला तर अजिबात नको, कारण त्याचा स्वभावच आनंदी आहे. मग त्यानं विचारलं, “तुमच्या वडिलांची दुसरी एखादी शैली होती का?” मी होती म्हणाले, पण तिचा फोटो कुठं मिळणार नाही. तो टाइप आता खूप चालतो. अमरावतीत माझ्या गल्लीत पाण्याचे जार वाटणारी ऑटो येते, तिच्या अंगावर ‘थंडगार शुद्ध पाणी’ बाबांच्या अक्षरात आहे. मी त्याच ऑटोतून जार घेते.

ताईला स्थळ आलं ते पूर्णेकाठच्या एका गावचं. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथं आजही पोरी नांदायला जातात. घर चांगलं होतं. जमीन, बैलजोडी, मुलगा शांत, मागणी काहीच नाही. रंग कालवणाऱ्या सातवी पास मुलीला असं घर मिळतंय म्हटल्यावर मायचे पाय जमिनीवर ठरेनात. गावाचं नाव मात्र बाबांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा मीही सोबत होते. जीपमधून उतरल्यावर मारुतीच्या देवळाजवळ पंप दिसला आणि मागच्या भिंतीवर बाबांचं लाल अक्षर, अजून ताजं. आम्ही तिघांनीही ते पाहिलं. माय पदर सारखा करून पुढं चालू लागली.

घरात बैठक झाली, पोहे आले, मग चहा आला. दुधाचा, आल्याचा, दाट. मायनं कप ओठाला लावण्याआधी आत पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. परतताना जीपमध्ये ती बाबांना म्हणाली,

“चाय फाटली काय?”

“नाई.”

“मंग? पानी गोडं हाये.”

“शोभाचे माय, म्या सोताच्या हातानं लिवलं त्या पंपावर.”

“लिवलं असन. तुमाले सांगतलं, तुमी लिवलं. तुमी चाखून पाह्यलं व्हतं काय?”

बाबांनी चाखलं नव्हतं. ते लिहायला जात तेव्हा घरून बाटली नेत. समोरच्या सीटवरचा एक प्रवासी आमच्याकडे पाहून हसला तसे ते खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांनी स्वतः लिहिलेल्या अक्षरापेक्षा त्या कपभर चहावर विश्वास ठेवला. मी त्यांना दोष देत नाही. त्या जीपमध्ये बसलेल्या कुणीही तेच केलं असतं.

घरी ताईला सगळं सांगितलं. तिनं हात पुसत ऐकून घेतलं. “माय बी खाऱ्या पान्याचीच हाये ना? मेली काय?” म्हणाली, आणि लाजून आत गेली. लग्नाच्या भिंती दोन्ही घरी बाबांनीच लिहिल्या. तेवढं हसरं अक्षर त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ताईनंच आम्हाला चहाचं गुपित सांगितलं, तेही हसत. त्या घरी पाव्हण्यांचा गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, वेगळा होता. पितळेचा, फडक्यानं झाकलेला. गोड्या विहिरीच्या गावाहून बैलगाडीनं पाणी आणून त्यात भरून ठेवत. पाहुण्यांचा चहा त्यातून. घरच्यांसाठी पंप. “सारं गावच तसं करते,” ताई म्हणाली, “त्याइची बी इज्जत हाये ना.” माय चुलीपुढं बसली होती. तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. पण तोवर ताई त्या घरची झाली होती, आणि भाऊजी खरोखर चांगले होते.

मी अमरावतीला कॉलेजात गेले. होस्टेलवर राहायचे. ताई एसटीच्या कंडक्टरबरोबर मुगवड्या आणि सांडगे फडक्यात बांधून पाठवायची. ताईला मुलगा झाला. त्यानंतर ती भेटली तेव्हा तिचा चेहरा गोल झाला होता, हात भरले होते, बोटातली अंगठी निघत नव्हती. मायनं तिच्या गालावरून बोटं मोडली. “पोरीनं अंग धरलं,” शेजारणींना कौतुकानं सांगितलं. सासरीही सगळे तेच म्हणत होते. त्या गावात सकाळी चेहरे सुजून उठणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, आणि सगळ्यांनी अंगच धरलेलं होतं. ताईच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडे आणि तसाच राही. पुढं तिला अन्न जाईना, चार पावलांत दम लागू लागला, तेव्हा भाऊजींनी अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं. पाण्यामुळेच का, असं बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तिकडून फार लोक येतात, पण एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. यापुढे मशीनवर रक्त धुवावं लागेल, नेमानं, चुकवून चालणार नाही. आणि पाणी मोजून प्यायचं. ज्या पाण्यानं ही वेळ आणली तेही आता तिला पोटभर मिळणार नव्हतं.

बाबा अकोल्याहून परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या रंगाचा डबा, तारेचा ब्रश आणि टर्पेंटाइन घेऊन निघाले. ताईच्या गावी जाऊन त्यांनी पंपामागचं आपलं लाल अक्षर खरवडून काढलं. मग ब्रश डाव्या हातात घेतला. कारण उजव्या हातानं लिहिलं असतं तर ते पुन्हा हसलं असतं.

सुट्टीत मी ताईकडे गेले तेव्हा ते पाहिलं. ‘हे पाणी पिऊ नका. माणूस मरते.’ कुंपणाच्या मोडक्या काट्या उभ्या कराव्यात तसे काने. शिरोरेघ तीन ठिकाणी तुटलेली, खाली घसरलेली. ‘ण’ तर ओळखूच येत नव्हता. मी उभी असताना एक बाई हंडा घेऊन आली, थांबली आणि ओठ हलवत ते वाचू लागली. पूर्ण वाचलं. “हे कोनं लिवलं वं? भेव वाटते,” म्हणाली. मग दांड्याला हात घातला आणि हंडा भरून घेऊन गेली. दुसरीकडे जायला तिला जागाच नव्हती. पण ती थांबली होती, वाचलं होतं. लाल अक्षरापुढं थांबलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

ते अक्षर टिकलं नाही. ताईच्या धाकट्या दिराचं, सुधाकरचं, लग्न जमत होतं आणि मुलीकडची माणसं घर पाहायला यायची होती. ताईचे सासरे दर्यापूरला आमच्या घरी आले. भले माणूस, कधी वर आवाज न करणारे. बाबांसमोर बसून बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

“ब्याही, तुमचं दुख आमाले समजत नाई असं नाई. पन गावात घरोघरी लगनाचे पोट्टे हायेत. तुमी भितीवर मरन लिवून ठेवलं. पोरी कोन देईन आमाले?”

“नोकाच देऊ म्हना,” बाबा म्हणाले.

“असं काहून बोलता? सुनेले आमी काई कमी केलं काय? अकोल्याची जीप चुकवली काय कदी?”

ते धमकी देत नव्हते, हे मला आजही वाटतं. केलेलं सांगत होते. पण बाबांना त्यात न म्हटलेलंही ऐकू आलं. ती जीप बंद झाली तर ताई किती दिवस, हा हिशेब आमच्या घरात सगळ्यांना येत होता. बाबा म्हणाले, “पुसून टाका.” गावकऱ्यांनी भिंतीला चुना दिला.

पाहुणे आले त्या दिवशी मी तिथं होते. बाबाही ब्याही म्हणून बैठकीत होते. मुलीचे वडील बार्शीटाकळीकडचे शेतकरी, उंच, मोकळ्या आवाजाचे, आल्या आल्या भाऊजींशी तुरीच्या भावावर गप्पा मारायला लागलेले. मुलीचं नाव मंदा, असं ते दर दुसऱ्या वाक्याला सांगत होते. माही मंदा शिवन करते, माह्या मंदाले बैलाचं भेव नाई. आत ताई उठून चुलीशी आली. सासूला बरं वाटलं. आजारी सून पाहुण्यांसाठी उठली म्हणजे घराची शोभा. सासू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेली आणि चुलीपाशी आम्ही दोघीच राहिलो.

कोपऱ्यात पाव्हण्यांचा गुंड भरून ठेवला होता. ताईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. पंपाच्या पाण्याच्या माठात चहाचा गंज, म्हणजे पातेलं, बुडवून चुलीवर ठेवला. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिच्या सुजलेल्या डोळ्यांत मला ती आमच्या जुन्या घरातली, रंग कालवणारी ताई दिसली, नेमकं काय हवं ते ठाऊक असलेली.

“तू काई बोलू नोको,” ती हळूच म्हणाली. “मले बोलता येत नाई, बाबाले बोलता येत नाई. चायच बोलन.”

दूध घातलं आणि ते फाटलं. पांढऱ्या चोथ्याचे तुकडे वर आले. तिनं गाळलं नाही, तसंच कपांत ओतलं आणि तबक माझ्या हाती दिलं. बैठकीत पहिला कप मुलीच्या वडिलांना. ताईच्या सासूनं कपात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. बाबांनी आपल्या कपात पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, जिथं ताई पदर धरून उभी होती. त्यांना कळलं. खारपाणातल्या त्या सगळ्या माणसांना एका क्षणात कळलं की या घरच्या सुनेनं पाहुण्यांना काय सांगितलं ते.

पण मुलीचे वडील खारपाणातले नव्हते. ते डोंगराकडचे, त्यांच्या विहिरी गोड्या. फाटलेल्या चहाचा त्यांच्याकडे एकच अर्थ होतो. त्यांनी कप पाहिला, क्षणभर थांबले, आणि यजमानाला ओशाळं वाटू नये म्हणून मोठ्यानं म्हणाले, “उन्हाळ्याचे दिवस बाप्पा! दूध टिकते कोठी? आमच्या घरी बी असंच होते.” बशीत ओतून फुंकर मारली आणि चोथ्यासकट सगळा चहा पिऊन टाकला. कप खाली ठेवून मिशा पुसल्या. “मंग काय मंडळी? मुहूर्त पाहाचा ना?”

बाबांचे ओठ हलले. मी त्यांच्या समोरच उभी होते, मला ते दिसलं. ताईच्या सासऱ्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि बाबांनी समोरचा फाटका चहा उचलून तोंडाला लावला. दारातून ताई आत गेली होती.

लग्न झालं. सुधाकरची भिंत लिहायला बाबा गेले नाहीत, अंजनगावचा कुणी पेंटर आणला होता. मंदा घरात आली आणि ताईचं सगळं तिनंच केलं, अगदी शेवटपर्यंत. न्हाऊ घालणं, पाय चेपणं, जीपमध्ये मांडीवर डोकं घेऊन अकोल्याला जाणं. पुढच्या पावसाळ्यात रस्ता बंद होऊन दोन खेपा चुकल्या आणि ताई गेली. तिचं वय लिहायला माझा हात होत नाही. बाबांनी त्यानंतर ब्रश धरला, पोटासाठी धरावाच लागला, आणि लोकांना त्यात काही फरक जाणवला नाही. अक्षर तसंच हसत राहिलं. मंदा आजही आहे. मी भेटायला गेले की गप्पा मारता मारता तिच्या पायावर बोट दाबून पाहते. तिला ते कळतं, ती पाय मागं घेत नाही.

ताईच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि मंदा मागच्या अंगणात भांडी घासत होतो. माणसं पांगली होती. राखेनं घासलेला तो चहाचा गंज तिच्या हातात होता. आणि मला राहवलं नाही, मी तिला सगळं सांगितलं. त्या दिवशी चहा का फाटला, कुणी फाडला, कुणासाठी. ती ऐकत असताना गंज घासतच राहिली. मग थांबली. रागावली नव्हती, नुसती विचारत होती.

“मंग माह्या बापाले कोनी तोंडानं काहून नाई सांगतलं वं? भितीवर लिवता, चायेनं सांगता. तोंड व्हतं ना साऱ्याइले?”

तिनं गंज पालथा घातला, हात लुगड्याला पुसले, माठात डोकावून पाहिलं आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन पंपाकडे निघाली. रात्रीच्या स्वयंपाकाला घरात पाणी नव्हतं.